दहाचं नाणं चालतं, हे बँकेच्या खिडकीवर सांगा

प्रति,
मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई
आणि गावोगावच्या बँकांचे शाखाधिकारी

विषय: दहा रुपयांची नाणी बाजारात आणि बँकेत नाकारली जाण्याबाबत

महोदय,

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी महिला बचत गटाची कोषाध्यक्ष आहे. गटात आम्ही अकरा जणी. कुणी भाजी विकते, कुणी दुधाचा रतीब घालते, एक जण शाळेसमोर बोरं-पेरू घेऊन बसते, दोघी शिवणकाम करतात. दर महिन्याच्या पाच तारखेला बैठक होते. प्रत्येकीची बचत आणि कर्जाचा हप्ता जमा होतो, रजिस्टरवर सह्या-अंगठे होतात आणि दुसऱ्या दिवशी ती रक्कम मी बँकेत भरते. तेरा वर्षे हे काम करते आहे. आजवर एका रुपयाचीही तफावत निघालेली नाही.

आज माझ्या घरातल्या लोखंडी पेटीत दहा रुपयांची ४१२ नाणी पडून आहेत. ४,१२० रुपये होतात. वजन केले तर तीन किलोंच्या वर भरते. ही रक्कम रजिस्टरमध्ये ‘हाती शिल्लक’ म्हणून लिहावी लागते. हिशेब तपासायला येणाऱ्या ताई दर वेळी त्या आकड्यावर बोट ठेवतात आणि विचारतात, “एवढी रोकड घरी का? बँकेत का नाही भरली?” त्यांचे विचारणे बरोबर आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशेब, ही आमची पंचसूत्री. पैसे पेटीत साठवून ठेवणे तिच्यात बसत नाही. पुढचे कर्ज देताना बँकही हेच रजिस्टर पाहते. बँक नाणी घेत नाही म्हणून ती घरी आहेत, हे त्याच बँकेला दाखवायच्या रजिस्टरमध्ये मी कसे लिहू?

पहिल्यांदा मला परत पाठवले तो दिवस आठवतो. पिशवीत साठ-सत्तर नाणी होती. कॅशिअर म्हणाले, “ताई, हे कॉइन इकडं नका आणू. ठेवायला जागा नाही. नोटा करून आणा.” मी विचारले, नोटा कुठे करू? “बाजारात करा.” बाजारात गेले. किराणा दुकानदार माझ्या माहेरच्या ओळखीचा, खोटे बोलणारा माणूस नव्हे. तो म्हणाला, “वहिनी, मी घेतले असते हो. पण होलसेलवाला माझ्याकडून घेत नाही. त्याला विचारलं तर तो म्हणतो, बँक घेत नाही.” म्हणजे मी जिथून निघाले होते तिथेच परत आले.

गव्हर्नर साहेब, हा फेरा तुमच्यापर्यंत पोहोचावा म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे. वर्तमानपत्रांत अधूनमधून बातमी येते की ग्रामीण भागातले लोक अफवेला बळी पडून नाणी नाकारतात. वाचून वाईट वाटते. आमचे लोक अडाणी म्हणून नाणे नाकारत नाहीत. नाणे पुढे जात नाही हे त्यांनी स्वतःच्या हाताने अनुभवले आहे. अफवा एकदा उठली असेल, पण ती रोज जिवंत ठेवते ती बँकेची बंद खिडकी.

या फेऱ्यात सगळ्यात जास्त कोण भरडले जाते, तेही सांगते. आमच्या आठवडी बाजारात एक जण नाणी बदलून देतो. शंभर रुपयांची नाणी दिली की नव्वदच्या नोटा हातावर ठेवतो. दिवसभर उन्हात बसून मेथीच्या जुड्या विकणाऱ्या बाईने संध्याकाळी शंभरामागे दहा रुपये त्याला द्यायचे. सहाच्या गाडीने ती गावी परतणार असते आणि गाडीतही तिची नाणी चालणार नसतात. ती देते. आम्ही याला ‘बट्टा’ म्हणतो. शब्द जुना आहे. गावोगावच्या टांकसाळींचे वेगवेगळे रुपये चालत होते, त्या काळातला. सराफ नाणे पारखायचा, वाजवून बघायचा आणि बट्टा कापून दुसरे द्यायचा. आज एका देशात एकाच सरकारचा रुपया आहे, आणि त्या रुपयाला त्याच देशातल्या बाजारात बट्टा लागतो. ही गोष्ट मला मान्य होत नाही.

माझ्या सासूबाई पंचाऐंशीच्या आहेत. त्यांनी चलन बदलताना पाहिले आहे, आणि ते आमच्यापेक्षा मोठे बदल होते. आमचा भाग निजामाच्या राज्यात होता. इथे हाली सिक्का चालायचा. इंग्रजी राज्यातल्या रुपयाला लोक कलदार म्हणत. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब सासूबाईंना आजही तोंडपाठ आहे. संस्थान भारतात आले तरी हाली लगेच गेला नाही, १९५९ पर्यंत चालला. त्यातच १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला. सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा रुपया शंभर पैशांचा झाला. विचार करा, एकाच बाजारात हाली, कलदार, आणे आणि नवे पैसे. शाळेत न गेलेल्या बायका त्या बाजारात भाजी विकत होत्या. चार आणे म्हणजे पंचवीस नवे पैसे हे जमायचे, पण एक आणा म्हणजे सव्वासहा, तिथे भांडणे व्हायची. त्या सांगतात, भांडण व्हायचे ते हिशेबावरून. हे नाणेच नको, असे कुणी म्हणत नव्हते.

असे का, याचा मी बराच विचार केला आहे. त्यांच्या डब्यात अजून एक जुना नवा पैसा आहे. त्यावर लिहिले आहे, ‘रुपये का सौवाँ भाग’. आपण कोण आहोत हे ते नाणे स्वतःच सांगत होते. जुने आणि नवे ओळखता यावे म्हणून सरकारने त्याच्या नावातच ‘नया’ शब्द ठेवला होता, आणि लोकांच्या अंगवळणी पडल्यावर १९६४ मध्ये तो काढला. लोकांना सात वर्षे दिली. बदल करणाऱ्याने बदल समजावून सांगण्याची जबाबदारी स्वतःकडे ठेवली होती.

आमच्या वाट्याला आलेला बदल रात्री आठ वाजता आला. ८ नोव्हेंबर २०१६. त्याच्या बऱ्या-वाईटाचा वाद मला इथे घालायचा नाही, तो मोठ्या लोकांनी पुष्कळ घातला आहे. मी फक्त आमच्या गल्लीत काय झाले ते सांगते. चलनात असलेल्या रकमेपैकी ८६ टक्के नोटा त्या रात्री बाद झाल्या. आमच्याकडे गावोगावच्या लोकांची खाती जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांत. आठवड्याच्या आत, १४ नोव्हेंबरला, त्या बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. रब्बीची पेरणी चालू होती. ज्यांची दुसऱ्या बँकेत खातीच नव्हती त्यांनी काय करायचे होते?

त्या दिवसांत आमची चूल नाण्यांनी पेटती ठेवली. नाणी बाद झाली नव्हती. ज्याच्याकडे चिल्लर तो माणूस श्रीमंत, अशी वेळ होती. मी तीन दिवस रांगेत उभी राहिले तेव्हा बँकेने मला दोन हजारांची एक नोट आणि बाकीची दहाच्या नाण्यांची पिशवी दिली. मी ती पिशवी पदराखाली धरून घरी आणली. गटातल्या बायकांना वीस-वीस नाणी वाटली. आज जी बँक ‘जागा नाही’ म्हणते, त्याच बँकेच्या त्याच खिडकीतून ती पिशवी मला मिळाली होती. अडचणीच्या दिवसांत नाणी आम्ही घ्यायची आणि अडचण संपल्यावर ती आमच्याकडेच राहायची, याला न्याय म्हणता येईल का?

त्या रात्रीने आणखी एक केले. ‘बंद’ हा शब्द आमच्या बाजारात कायमचा राहायला आला. त्याआधी नोट फाटायची, जळायची, हरवायची. ती एका रात्रीत ‘बंद’ होऊ शकते हे तेव्हा कळले. एकदा कळले की माणूस हातातल्या प्रत्येक पैशाकडे तसाच बघतो. १९ मे २०२३ ला तुम्ही दोन हजारांची नोट परत घ्यायचे जाहीर केले आणि ती वैध राहील असेही सांगितले. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्रोलपंपापासून दवाखान्यापर्यंत एकच वाक्य होते, “दोन हजाराची बंद झाली.” पुढचे वाक्य ऐकायला कुणी थांबले नाही. दहाच्या नाण्याचे असेच झाले. ते बंद झाले असे कधी कुणी जाहीर केले नाही. पण चालू आहे, हेही आमच्या कानापर्यंत आले नाही.

आता माझी पहिली तक्रार थेट तुमच्याकडे. तुम्ही सांगितले नाही, असे मी म्हणत नाही. २० नोव्हेंबर २०१६ ला तुम्ही पत्रक काढले की रुपयाचे चिन्ह असलेली आणि नसलेली, दोन्ही नाणी वैध आहेत. १७ जानेवारी २०१८ ला पुन्हा काढले की दहाच्या नाण्याचे चौदा नमुने चलनात आहेत आणि सगळे चालतात. २६ जून २०१९ ला पुन्हा आवाहन केले. नाण्यांच्या माहितीसाठी १४४४० हा फोन क्रमांकही दिलात. तीन वेळा सांगूनही आमच्या बाजारात फरक पडला नाही, तेव्हा सांगितले कुठे याचा विचार व्हायला हवा. नोट बाद झाल्याचे देशाला एका रात्रीत कळले, कारण ते घराघरांतल्या टीव्हीवर सांगितले गेले. नाणे वैध असल्याचे तुमच्या संकेतस्थळावर एका पत्रकात आहे. आमच्या मेथीवाल्या मावशीला ते कुठून दिसणार? आणि दिसले तरी तिने ते कॅशिअरला दाखवायचे का? हे मी करून पाहिले आहे. मुलीकडून पत्रक छापून नेले होते. साहेबांनी ते वाचले, घडी घालून मला परत दिले आणि म्हणाले, “हे बरोबर आहे, पण आमच्याकडं जागा नाही.”

दुसरी तक्रार नाण्यांच्या रूपाबद्दल. दहाचे नाणे दर काही वर्षांनी वेगळे दिसते. रुपयाचे चिन्ह २०१० मध्ये ठरले, म्हणून त्याआधीच्या नाण्यांवर ते नाही. एवढी साधी गोष्ट. पण ती न सांगितल्यामुळे ‘चिन्ह नसलेले नकली’ असे पसरले. मग कुणी वरच्या रेषा मोजायला लागले. दहा रेषांचे खरे, पंधरा रेषांचे खोटे. माझ्या पेटीत दोन्ही आहेत, आणि दोन्ही सरकारी टांकसाळीतली आहेत. सालाखाली हिऱ्याच्या आकाराची बारीक खूण असली तर ते मुंबईच्या टांकसाळीचे, चांदणी असली तर हैदराबादचे, ठिपका असला तर नोएडाचे, काहीच नसले तर कोलकात्याचे. हे मला माझ्या मुलीने भिंग लावून दाखवले. रेषा मोजणाऱ्या दुकानदारांना हे कुणी दाखवले असते तर त्यांनी आनंदाने शिकून घेतले असते.

त्या पेटीतली दोन नाणी मी वेगळी बांधून ठेवली आहेत. एकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची प्रतिमा आहे, त्यांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त २०१५ मध्ये काढलेले. रुपयाच्या प्रश्नावर लंडनला प्रबंध लिहिणारा माणूस. त्यांच्या प्रतिमेचे दहा रुपये त्यांच्याच महाराष्ट्रात, एका चहाच्या टपरीवर माझ्या मुलीच्या हातात परत ठेवले गेले. ती टपरी चालवणाऱ्या भाऊंच्या घरी बाबासाहेबांचा फोटो आहे. नाणे परत देताना त्यांनी मान खाली घातली. मला त्यांचा राग आला नाही, त्यांच्यावर ही वेळ आणणाऱ्या व्यवस्थेचा आला. दुसरे नाणे तुमचेच आहे. रिझर्व्ह बँकेला ७५ वर्षे झाली तेव्हाचे, १९३५ आणि २०१० ही साले कोरलेले. रिझर्व्ह बँकेच्या गौरवार्थ काढलेले नाणे बँकेच्या खिडकीवर चालत नाही.

आमच्या गटातल्या एका बाईने मला एकदा विचारले होते, “ताई, नोटेवर सही असती. ह्याच्यावर कुणाची हाय?” मी तिला सिंहांची मुद्रा दाखवली. पण तिच्या बोलण्यात तथ्य आहे. दहाच्या नोटेवर तुमची सही आहे, वचन आहे, आणि मागच्या बाजूला पंधरा भाषांच्या पट्टीत मराठीत ‘दहा रुपये’ लिहिलेले आहे. नाणे पाडते भारत सरकार आणि चलनात आणता तुम्ही. नाण्यासाठी आमच्याशी मराठीत बोलण्याचे काम मग कुणाकडेच राहिले नाही.

तिसरी गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. आमच्या गटात एक मावशी आहेत, त्यांना दिसत नाही. त्या लसूण सोलून हॉटेलांना देतात. नाणी त्या बोटांनी ओळखतात. दहाच्या नाण्याची कड आणि मधली चकती जिथे जुळते तिथे त्या नख फिरवतात आणि सांगतात, दहा. त्यांची कधी चूक होत नाही. नोटांचे मात्र काही खरे राहिलेले नाही. नव्या मालिकेत सगळ्या नोटांचे आकार बदलले आणि जुन्याही चालू राहिल्या. दहाची जुनी नोट १३७ मिलिमीटर लांब आहे आणि पन्नासची नवी १३५. म्हणजे जुने दहा नव्या पन्नासपेक्षा लांब! मावशींनी लांबीवरून काय ओळखायचे? नोट ओळखणारे ‘MANI’ नावाचे अॅप तुम्ही २०२० मध्ये आणले हे मला माहीत आहे. मावशींकडे बटणांचा फोन आहे. दृष्टिहीनांच्या या अडचणीवर मुंबई उच्च न्यायालयातही दाद मागितली गेली होती. ज्या एका पैशावर मावशींचा पूर्ण भरवसा आहे, तो बाजार घेत नाही. हॉटेलवाला त्यांना नोट देतो आणि ती किती रुपयांची हे त्यांनी दुसऱ्याला विचारायचे. एकदा वीस सांगून दहाची दिली गेली. त्या दिवशी त्या बैठकीला आल्या नाहीत.

बाजारातल्या दहाच्या नोटांची अवस्था मी वर्णन करत बसत नाही. तुम्ही एखादी हातात घेऊन बघा. चिकटपट्टी, तेल, हळद, पेनाने लिहिलेले आकडे. लोक ती घेतात, कारण बँक घेते. सगळे उत्तर या एका वाक्यात आहे.

गेल्या दिवाळीत मी बहिणीकडे मुंबईला गेले. जाताना तीस नाणी बरोबर नेली, मुद्दाम. स्टेशनबाहेर वडापाव घेतला आणि घाबरत दोन नाणी पुढे केली. त्या माणसाने बघितलेसुद्धा नाही, गल्ल्यात टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला त्यातलेच एक परत दिले. मी बाजूला उभी राहून ते बघत बसले. बहीण म्हणाली, काय झाले? काय सांगणार? एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर, त्याच राज्यात, ते नाणे पैसा होता. परत निघायच्या आधी शहीद भगतसिंग मार्गावर जाऊन तुमची इमारत लांबून पाहिली. टांकसाळ तिथेच, जवळजवळ दारासमोर. माझ्या पेटीतली हिऱ्याच्या खुणेची नाणी तिथूनच निघाली असतील. माझ्या गावापर्यंत येताना कुठल्या ठिकाणी त्यांची किंमत गेली, हा प्रश्न मी तिथे उभी राहून स्वतःला विचारला, आणि तोच आज तुम्हाला विचारते आहे.

शाखाधिकारी साहेब, आता तुमच्याशी बोलते. कॅशिअरवर माझा राग नाही. शाखेत एकच कॅशिअर, पीक विम्याची गर्दी, निराधारांच्या पगाराची गर्दी, नाणी मोजायला मशीन नाही, आणि साठलेली नाणी करन्सी चेस्ट, म्हणजे शाखांची रोकड साठवणारे मोठे केंद्र, लवकर उचलत नाही, हे सगळे मला दिसते. पण तुमच्यासाठी नियम आहेत. लहान नोटा आणि नाणी कोणत्याही शाखेने नाकारायची नाहीत. नाणी वजनाने किंवा शंभर-शंभरच्या पिशव्यांत घ्यावीत, असे रिझर्व्ह बँकेनेच सुचवले आहे. खात्यात किती नाणी भरायची याला मर्यादा नाही. २०११ च्या नाणे कायद्यात हजार रुपयांची जी गोष्ट आहे ती वेगळी: एका वेळच्या देण्यात हजारापर्यंतची नाणी घ्यायला समोरचा बांधील आहे, एवढाच तिचा अर्थ. ती दाखवून बँकेत भरणा नाकारता येत नाही. दहाचे एक नाणे पावणेआठ ग्रॅमचे. शंभर नाणी म्हणजे हजार रुपये आणि पाऊण किलोच्या जरा वर वजन. बाजारातला साधा काटासुद्धा हे काम करतो.

आणि व्यापारी बंधूंनो, तुमच्याकडे एवढेच मागणे आहे की परत करताना नाण्याला ‘खोटे’ म्हणू नका. घेण्यात अडचण असेल तर अडचण सांगा. खोटे म्हटले की समोरच्या बाईला आपणच खोटे ठरल्यासारखे वाटते.

आमच्या मागण्या अशा आहेत.

प्रत्येक शाखेत, सहकारी बँकांसह, आठवडी बाजाराच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी नाणी स्वीकारण्याची खिडकी असावी. शंभराच्या पिशव्या तिथे मोजून किंवा तोलून घ्याव्यात आणि लगेच पावती द्यावी. नाकारायचे असेल तर कारण लिहून, सही-शिक्क्यासह द्यावे. तोंडी ‘जागा नाही’ हे उत्तर बंद व्हावे. ही मागणी मान्य झाली तर बाकीच्या अर्ध्या आपोआप सुटतील, म्हणून ती पहिली.

नाणी वाटण्यासाठी बँकांना पिशवीमागे प्रोत्साहन रक्कम मिळते. तशीच नाणी परत घेण्यासाठीही मिळावी, आणि शाखेत साठलेली नाणी ठरावीक मुदतीत उचलण्याची जबाबदारी चेस्टवर टाकावी. तोपर्यंत कॅशिअरला दोष देऊन काही होणार नाही.

चलनात असलेल्या दहा आणि वीसच्या सर्व नाण्यांची खऱ्या आकारातली छायाचित्रे असलेला मराठी फलक शाखा, ग्रामपंचायत, बसस्थानक, रेशन दुकान आणि बाजार समिती इथे लावावा. त्यावर रिझर्व्ह बँकेचे नाव आणि सही असावी. वीसच्या नाण्याबद्दल आत्ताच सांगते, नंतर उशीर होईल. ते बारा कोनांचे आहे, पण आडवे दहाच्या नाण्याएवढेच, २७ मिलिमीटर. दहाला बाहेर पिवळी कड आणि आत पांढरी चकती, वीसला बरोबर उलटे. आमच्याकडे ते अजून फारसे आलेले नाही. येण्याआधी समजावून सांगा.

आकाशवाणीवरून, बाजाराच्या दिवशी लाउडस्पीकरवरून आणि ग्रामसभेत ही घोषणा व्हावी. जिल्हाधिकारी आणि अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांनी स्वतः बाजारात येऊन एकदा नाण्यांनी भाजी घ्यावी. लोक कागदापेक्षा हे लवकर मानतील.

नवा नमुना काढण्याआधी दृष्टिहीनांच्या संस्थांना विचारावे आणि एकदा काढला की निदान दहा वर्षे बदलू नये.

आणखी एक, ही मागणी नव्हे, विनंती. नाणे नाकारले म्हणून टपरीवाल्यावर किंवा भाजीवालीवर पोलीस पाठवू नका. कुठे कुठे तशा धमक्या दिल्याचे ऐकले आहे. साखळीतल्या सगळ्यात शेवटच्या माणसाला धरून ही गाठ सुटणार नाही. सुरुवात खिडकीपासून करा.

मी नाणी शंभर-शंभरच्या चार पिशव्यांत बांधली आहेत. बारा सुटी आहेत. बाबासाहेबांचे आणि तुमच्या पंचाहत्तरीचे नाणे त्या बारांतच आहे. तीही भरणार, कारण ती गटाची आहेत, माझी नव्हेत. येत्या सहा तारखेला सकाळी साडेदहाला, बँक उघडताच, मी गटाच्या अध्यक्षांना आणि लसणाच्या मावशींना घेऊन खिडकीवर उभी असेन. मावशींना मुद्दाम नेते आहे. कुणाला एखाद्या नाण्याची शंका आली तर त्या बोटाने पारखून सांगतील. पावती मिळाली तर ती रजिस्टरला जोडेन. नाही मिळाली तर लेखी नकार मागेन आणि तो जोडून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे लेखी तक्रार करीन. ती कशी करायची हे १४४४८ वर विचारून घेईन. तक्रारीची एक प्रत तुमच्या पत्त्यावर येईल.

आपली विश्वासू,
एका महिला बचत गटाची कोषाध्यक्ष